माल मुंबईला गेला, तोंड गावात राहिलं

मालवणच्या मासळी बाजारात बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर बोर्ड नसतो. लोगो नाही, फ्लेक्स नाही. तरी रोजचं गिऱ्हाईक बाजारात शिरलं की इकडेतिकडे न बघता तिच्या पाटीपाशी जाऊन उभं राहतं. बांगडा कालचा असेल तर ती स्वतःच हळू आवाजात सांगते, आज नको, सुरमई घेऊन जा. आणि एखाद्या दिवशी फसवलंच, तर दुसऱ्या दिवशी चार बायकांच्या देखत तिला ऐकवायची सोय असते. तिची जागा ठरलेली, आवाज ओळखीचा, शब्दाची किंमत बाजाराला माहीत. ब्रँडिंगच्या वर्गात पैसे घेऊन जे शिकवतात, त्यातलं बरंचसं तिच्यापाशी आधीच आहे.

आता त्याच तालुक्यातल्या एखाद्या घरात काढलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घ्या. पूर्वी ते चाकरमान्याच्या पिशवीतून मुंबईला जायचं. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलेला माणूस परत जाताना दोन बाटल्या बांधून न्यायचा आणि शेजाऱ्याला देताना म्हणायचा, "आमच्या काकीकडचं आहे, घरचं." ते सांगणं हेच त्या बाटलीचं लेबल होतं. आज तीच बाटली कुरिअरने जाते, दादरच्या एखाद्या दुकानात फळीवर इतर नऊ बाटल्यांच्या रांगेत उभी राहते आणि तिच्या बाजूने बोलायला कोणीही नसतं. काकी गावात, शेजारी नाही, चाकरमानी नाही. बोलायचं काम आता कागदाच्या एका तुकड्याला करावं लागतं.

कुडाळला माझं लेबलं आणि खोकी डिझाइन करून देण्याचं छोटं दुकान आहे. म्हणजे या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण "डिझाइनवर पैसे कशाला घालवायचे?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो आणि दर वेळी गिऱ्हाईक घाईत असल्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. ते एकदा नीट देतो.

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक समजूत असते: माल चांगला असला की तो आपोआप खपतो. कोकणात ही समजूत जरा जास्तच घट्ट आहे, कारण आपला माल खरोखरच चांगला असतो. अडचण एवढीच की तो चांगला आहे हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. घेणाऱ्याला ते कळतं पैसे देऊन, घरी नेऊन, बाटली उघडल्यावर.

या अडचणीचं काय होतं, हे जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. पुढे 2001 साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुठली गाडी धड आणि कुठली खटारा हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत खटारा विकणाऱ्याची चांदी होते आणि चांगल्या गाडीवाल्याला ती परवडत नाही. मग चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, उरतात त्या खटारा. गाडीच्या जागी हापूस ठेवून बघा. परराज्यातून आलेला दिसायला सारखा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरला जातो, गिऱ्हाईक दोनदा फसतं, तिसऱ्यांदा खऱ्या देवगडवाल्यालाही म्हणतं, "सगळे असंच सांगतात हो, भाव कमी करा." बागायतदाराने वर्षभर फवारणी केली, राखण केली, आणि त्याच्या आंब्याला भाव मिळाला तो भेसळीच्या सरासरीने.

यावर एक उपाय कायद्याने दिला, तो म्हणजे भौगोलिक मानांकन, आपण ज्याला जीआय म्हणतो. हापूसला 2018 साली ते मिळालं आणि पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतलाच आंबा त्या नावाने विकायचा असं ठरलं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमालाही जीआय आहे. पण मानांकन कागदावर असून भागत नाही, ते फळावर दिसावं लागतं. म्हणून देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळाला स्वतंत्र क्रमांकाचं, काढायला गेलं की फाटणारं सील लावायला सुरुवात केली. छोटंसं स्टिकर आहे ते. सजावटीसाठी ते कोणी लावत नाही. गिऱ्हाइकाची शंका आणि बागायतदाराचा शब्द यांच्यामध्ये ते उभं असतं.

जीआय आणि ब्रँड यांत गल्लत होते, म्हणून इथेच सांगतो. जीआय हे गावाचं नाव झालं, सगळ्या गावाचं मिळून. ब्रँड हे तुमच्या घराचं नाव. गाव माहीत झालं म्हणजे पाव्हण्याला घर सापडतंच असं नाही. एका तालुक्यात हजारो बागायतदार, त्यांत कोण आंबा झाडावर पूर्ण तयार होऊ देतो आणि कोण भाव बघून कोवळाच उतरवतो, हे जीआय सांगत नाही. त्यासाठी तुमचंच नाव लागतं.

काजूचं उदाहरण याहून बोलकं आहे. काजूगराच्या व्यापारात ग्रेड असतात. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 पांढरे अख्खे गर, डब्ल्यू 240 म्हणजे त्याहून मोठे, डब्ल्यू 180 त्याहूनही मोठे. व्यापाऱ्याला ही भाषा सोयीची आहे, कारण माल न बघता फोनवर सौदा होतो. पण उत्पादकाच्या बाजूने बघा. "डब्ल्यू 320" म्हटलं की तुमचा वेंगुर्ल्याचा गर, आफ्रिकेतून कच्ची बी आणून फोडलेला गर आणि व्हिएतनामचा गर एकाच रांगेत उभे. मग बोलायला एकच गोष्ट उरते, भाव. ग्रेड आकार सांगतो, पण गर कोणाचा, बी कुठली, भाजली कशी हे काही सांगत नाही. ते सांगायची सोय तुम्ही स्वतः केली नाही, तर तुमचा गर गोणीतून दुसरीकडे जातो, तिथे चकचकीत पाकिटात भरला जातो आणि पाकिटावर नाव लागतं भरणाऱ्याचं. फोडणारीच्या बोटांना चीक लागून काळे डाग पडतात, तिचं गाव त्या पाकिटावर कुठेच नसतं.

तर ब्रँड म्हणजे काय? मी दुकानात सांगतो तेच सांगतो. तुमचं नाव ऐकल्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्यात जे येतं तो ब्रँड. तो तुमच्याकडे नसतोच, त्याच्या डोक्यात असतो. लोगो, रंग, अक्षरं, लेबल, खोका, बोर्ड ही त्या आठवणीला धरून ठेवणारी खुंटी. खुंटी मजबूत आणि रोज त्याच जागी असली पाहिजे, एवढंच डिझाइनवाल्याचं काम. खुंटीवर काय टांगायचं ते तुमचा माल ठरवतो.

"रोज त्याच जागी" हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. तो समजावायला मी सावंतवाडीच्या गंजिफा काढतो. गोल, हाताने रंगवलेल्या, लाखेच्या चकाकीच्या त्या पत्त्यांचा एक जोड माझ्या टेबलाच्या खणात असतो. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात 12 पत्ते: एक ते दहा, शिवाय राजा आणि वजीर. मत्स्याच्या पत्त्यांवर मासा, कूर्माच्या पत्त्यांवर कासव, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची. आता विचार करा, खेळणाऱ्याच्या हातात एकावर एक सरकवलेले गोल पत्ते आहेत, दिसतेय ती फक्त कड आणि थोडीशी चिन्हं. तरीही त्याला क्षणात कळलं पाहिजे की हा कूर्माचा की वराहाचा. म्हणून चिताऱ्याने खूण साधी ठेवली, रंग ठरवून टाकला आणि सगळ्या 120 पत्त्यांवर रेष एकाच हाताची वाटेल अशी ओढली. माशाची शेपटी एका पत्त्यावर अशी आणि दुसऱ्यावर तशी केली असती, तर डाव मोडला असता. मोठमोठ्या कंपन्या जाडजूड पुस्तिका छापून जे "व्हिज्युअल आयडेंटिटी" म्हणून सांभाळतात, ते हेच. ठरावीक खूण, ठरावीक रंग, ठरावीक रेष, आणि त्यात मनाला येईल तसा बदल न करण्याची शिस्त. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून आहे. विनोद रोज नवा, फ्रॉक तोच.

आपल्याकडे काय होतं? बोर्डावर लाल अक्षरं, बाटलीवर हिरवी, खोक्यावर मोबाईलमधून उतरवलेला नारळ, व्हिजिटिंग कार्डावर समुद्र, होडी, सूर्यास्त, माड आणि गणपती, सगळं साडेतीन इंचांत. तारकर्लीच्या रस्त्यावर "घरगुती मालवणी जेवण व राहण्याची उत्तम सोय" असे फ्लेक्स एकापाठोपाठ एक येतात. त्यांतले दोन आपसांत बदलून लावले तर मालकांनासुद्धा दोन दिवस पत्ता लागायचा नाही.

आता एक लेबल जवळून बघू.

वेंगुर्ल्याकडच्या एक काकी दोन वर्षांपूर्वी दुकानात आल्या. पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली, आत आगळ. म्हणाल्या, भाचा सांगतो लेबल लाव, म्हणून आलेय. आणि मी काही बोलायच्या आत: "झिला, माझां आगळ चांगलां आसा. तुझ्या चित्रान चव वाढतली काय?"

मी म्हटलं, "चव नाय वाढाची काकी. पण आधी बाटली कोणीतरी उघडूक व्हयी ना."

लेबल करण्याआधी मी त्यांना विचारलं की मुंबईहून तक्रार कसली येते. तक्रार विचित्र होती. लोक आगळ नेतात, पाण्यात साखर घालून सरबत करतात आणि खारट लागलं म्हणून ओतून देतात. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. सरबताचा पाक वेगळा, त्यात साखर असते. कोकणात हे कोणाला सांगावं लागत नाही. डोंबिवलीत सांगावं लागतं, कारण रंग दोन्हीचा एकच. म्हणजे या बाटलीचा पहिला दोष दिसण्यातला नव्हताच. मालात नसलेला दोष माहिती न दिल्यामुळे मालाला चिकटत होता. म्हणून लेबलावर नावाच्या खालोखाल मोठ्या अक्षरात ओळ आली: "सोलकढीसाठी. यात मीठ आहे, साखर नाही." पाठीमागे एक वाटी नारळाच्या दुधाला किती चमचे, ते. ही एक ओळ मी केलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा जास्त कामाची ठरली असं मला वाटतं.

मग बाटली. पारदर्शक बाटलीत आगळाचा लाल रंग झकास दिसतो, म्हणून सगळे पारदर्शक बाटली घेतात आणि दुकानदार ती उन्हाच्या बाजूला ठेवतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा आहे आणि उजेडाने, उष्णतेने तो हळूहळू विटतो. दोन महिन्यांत लालचा तपकिरी होतो. चव बिघडलेली नसली तरी गिऱ्हाइकाला माल शिळा वाटतो. म्हणून लेबल बाटलीला जवळजवळ पूर्ण गुंडाळेल एवढं रुंद केलं आणि रंग दिसायला बोटभर खिडकी ठेवली. मी केलेल्या डिझाइनमधला हा भाग कोणाच्या लक्षातही येत नाही.

अक्षरांची गोष्ट थोडी लांबेल, पण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. मराठी माणूस ल काढतो तो पाकळ्यांचा आणि श काढतो तो गाठीचा. 2009 साली शासनाने मराठी वर्णमालेचं अद्ययावत रूप जाहीर केलं तेव्हा तिथेही हीच रूपं धरली. कॉम्प्युटरवरच्या पुष्कळ फॉन्टांत मात्र ल आणि श हिंदी वळणाचे येतात. वाचता येतात, चूक काहीच नाही. पण "मालवणी" या शब्दातला ल उभ्या दांड्याचा आला की पाकीट लांबच्या कुठल्यातरी कारखान्यात भरल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, तरी त्याला ते खटकतं. दुसरी खोड र ची. "कैऱ्यांचं लोणचं" असं टाईप करायचं, आणि चुकीच्या फॉन्टमध्ये तिथे रफार चढून "कैर्यांचं" छापलं जातं. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर पहिली वेलांटी उडी मारून भलत्याच अक्षरावर बसते. "किंमत" शब्दाचे हाल मी किती पाकिटांवर पाहिलेत ते विचारू नका. ज्याला आपल्या मालाचं नाव नीट लिहिता आलं नाही, त्याने बरणी नीट धुतली असेल का, हा विचार गिऱ्हाईक मुद्दाम करत नाही. तो होऊन जातो. आता मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या "मुक्ता", "बालू" यांसारखे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, त्यामुळे वाईट अक्षर वापरायला खर्चाचं कारणही उरलेलं नाही.

रंगाबद्दल एवढंच की मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पडद्यावरचा कोकमी लाल छापून आला की विटकरी होतो, आणि मग छापखान्याशी भांडण होतं. आधी एक नमुना छापून घ्यावा, तो बाटलीला चिकटवावा, ओळखीच्या दुकानात इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवून सहा फुटांवरून बघावा. मग त्याचा फोटो काढून तो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघावा, कारण ऑनलाइन घेणाऱ्याला तो तेवढाच दिसतो. काकींच्या पहिल्या नमुन्यात मी कोकमाच्या फांदीचं फार सुंदर चित्र काढलं होतं. सहा फुटांवरून ते माश्यांचा थवा वाटत होतं. काढून टाकलं. वाईट वाटलं.

बाकी कायद्याच्या गोष्टी असतातच: शाकाहाराची हिरवी खूण, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. लोक हे सगळं शेवटी, उरलेल्या जागेत मुंगीच्या अक्षरात कोंबतात. माझा अनुभव असा की काळजीपूर्वक घेणारं गिऱ्हाईक, विशेषतः लहान मूल घरात असलेलं, बाटली उलटी करून आधी हीच बाजू वाचतं. ती नीट मांडली तर निम्मा विश्वास तिथेच बसतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की डिझाइन म्हणजे नवं करणं. माझी एक फजिती सांगतो. एका काजूवाल्यांचं पाकीट वीस वर्षं जुनं होतं. पिवळी जमीन, तांबडं नाव, कोपऱ्यात त्यांच्या वडिलांचा गोल फोटो. मला ते अगदीच गावठी वाटलं. मी काळी मॅट पिशवी, सोनेरी इंग्रजी अक्षरं, असं काहीतरी ऐटदार करून दिलं. मालक खूश, मी खूश, फोटो सगळ्यांना पाठवले. त्या मोसमात त्यांची जुनी गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारू लागली, "तुमचे ते म्हाताऱ्याचे काजू बंद झाले का?" माल समोर ठेवलेला होता. मुंबईच्या दोन दुकानदारांनी तर नवा माल म्हणून ठेवून घ्यायलाच कां-कूं केलं. मी वीस वर्षांची ओळख एका दुपारीत पुसून टाकली होती. पुढच्या खेपेला पिवळा रंग परत आला, म्हातारबुवा परत आले, मी फक्त अक्षरं सरळ केली आणि फोटोवरून स्वच्छ रेखाचित्र काढून दिलं. ते काम मी फुकट केलं, करायलाच हवं होतं.

हीच चूक जगातल्या मोठ्या कंपन्याही करतात हे नंतर वाचून मला जरा बरं वाटलं. अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं चित्र असायचं. 2009 च्या जानेवारीत ते काढून रसाने भरलेल्या ग्लासचं चित्र आणि नवी अक्षरं आणली. रस तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुनं खोकं परत आणत असल्याचं जाहीर केलं. लोक रसाला कंटाळले नव्हते. घाईत फळीवर हात घालताना डोळा जे शोधत होता ते सापडलं नाही, इतकंच.

आता पैशांचं. डिझाइनचा खर्च एकदाच होतो आणि बाटल्यांवर वाटला जातो, हे गणित बहुतेक जण मांडतच नाहीत. समजा, डिझाइनला 12,000 रुपये लागले. मोसमाला 800 बाटल्या निघतात आणि लेबल तीन मोसम चालतं. म्हणजे 2,400 बाटल्या, बाटलीमागे 5 रुपये. स्टिकर छापायला आणखी 3 रुपये धरा. एकूण 8. बिनलेबलाची बाटली दुकानदार 90 रुपयांना घेत होता आणि लेबल लावल्यावर 110 ला घेऊ लागला, तर खर्च जाऊन बाटलीमागे 12 रुपये उरतात, मोसमाचे 9,600. पण मोसमाला शंभरच बाटल्या निघत असतील, तर तेच 12,000 बाटलीमागे 40 रुपये होतात. अशा माणसाला मी सरळ सांगतो, इतक्यात नको. चांगल्या अक्षरात नाव-पत्ता छापलेला साधा कागद चिकटवा, माल वाढू द्या, मग या. पाऊचचंही तसंच. थेट पाऊचवर छापायचं म्हटलं की प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि हजारोंच्या संख्येत माल घ्यावा लागतो. सुरुवातीला कोरा, उभा राहणारा स्टँडी पाऊच आणि वर स्टिकर यात काहीही कमीपणा नाही. आणि माल कच्चा असेल तर लेबलावर खर्च करूच नका. चांगल्या लेबलाने वाईट मालाची बदनामीही लवकर होते, नाव लक्षात राहतं ना.

नाव ठेवतानाही एक खर्च वाचवता येतो. "कोकण मसाला", "मालवणी काजू" अशी नावं ठेवायचा मोह होतो, कारण ती लगेच कळतात. पण मालाचं किंवा गावाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावावर ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. उद्या शेजाऱ्याने तेच नाव लावलं तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही, म्हणजे लेबलावर केलेला खर्च दोघांचा झाला. आजीचं नाव, वाडीतल्या शेताचं नाव, घराच्या मागच्या वहाळाचं नाव, असं काहीतरी घ्या जे तुमचंच आहे. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. एकूण 45 वर्ग आहेत: सरबतं 32 मध्ये, मसाले 30 मध्ये, ताजा आंबा 31 मध्ये, भाजलेले काजू 29 मध्ये. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. नावापुढे टीएम कोणीही लिहू शकतं, पण वर्तुळातला आर नोंदणी झाल्याशिवाय छापणं बेकायदेशीर आहे. हा आर लोक शोभेसाठी मागतात, मी देत नाही.

काकींच्या लेबलावर त्यांच्या सासूबाईंचं नाव आहे. पहिल्या मोसमानंतर त्या परत आल्या त्या थोड्या रागातच. डोंबिवलीहून कोणीतरी फोन केला होता, झाकणातून आगळ गळून पूर्ण बॅग रंगली म्हणून. मग ठाण्याहून एकाने, तेच सांगायला. तिसऱ्या फोननंतर त्यांनी झाकणं देणाऱ्याला गाठलं आणि आतून रबर असलेली झाकणं आणली. पूर्वीही बाटल्या गळत असणार, पण तेव्हा कोणाची बाटली हे ना बॅगवाल्याला माहीत होतं, ना काकींना कळत होतं.

"आता लोक थेट माकाच फोन करून गाळी घालतत," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. पिशवीतून जुनं लेबल काढलं, टेबलावर हाताने सरळ केलं आणि मागच्या बाजूला तळाशी बोट ठेवलं.

"हयसर फोनचो नंबर बारीक दिसता. जरा मोठो कर."